पाचवी भाषा : पाड्यावरच्या मुलांना इंग्रजी कशासाठी?



आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी देणगी देणारी माणसे एक प्रश्न हमखास विचारतात : "ज्या मुलाला अजून मराठीच धड येत नाही, त्याला इंग्रजी शिकवण्यात वेळ आणि पैसा कशाला घालवायचा?" प्रश्न रास्त आहे. वसतिगृहाला धान्य लागते, पांघरुणे लागतात, औषधे लागतात. मग त्याच पैशातून इंग्रजीचा वर्ग का चालवावा, हे देणाऱ्याला समजले पाहिजे. या लेखात ते सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

फैजपूरच्या बाजारात किती भाषा?

फैजपूर म्हटले की आपल्याला १९३६ चे काँग्रेस अधिवेशन आठवते. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्या वेळी देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या भाषा इथे ऐकू आल्या असतील. पण बाजाराच्या दिवशी नुसते कान देऊन उभे राहिले, तर आजही इथे चार-पाच भाषा सहज कानावर पडतात. यावल-रावेर भागात लेवा बोली बोलतात. सातपुड्याच्या कुशीतून उतरलेली पावरा आणि बारेला माणसे आपसांत पावरी-बारेली बोलतात. तडवी बांधवांची बोली निराळी. सरकारी कागद आणि शाळा मराठीत. बऱ्हाणपूर-खरगोनकडचा व्यापारी आला की हिंदी.

आता पाड्यावरच्या पावरा मुलाचा विचार करा. घरात पावरी, बाजारात लेवा किंवा अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, टीव्हीवर हिंदी. इंग्रजी ही त्याची पाचवी भाषा. शहरातल्या मुलाला जी दुसरी किंवा तिसरी, ती याला पाचवी. त्यामुळे हे मूल मागे पडते असे आपण म्हणतो. पण शाळेत जाण्याआधीच दोन-तीन बोली कळणारे हे मूल भाषा शिकण्यात मुळीच कच्चे नसते. कमतरता असते ती शिकवणाऱ्याची आणि पुस्तकांची.

इंग्रजी जगाची भाषा कशी झाली?

इंग्रजी गोड आहे किंवा सोपी आहे म्हणून ती जगभर पसरली असे नाही. आधी इंग्रजांचा व्यापार आणि राज्य पसरले. त्यांचे राज्य ओसरले, तेव्हा अमेरिकेचा उद्योग, विज्ञान आणि पैसा पुढे आला. तिचीही भाषा तीच. त्यामुळे विसाव्या शतकात विज्ञानाचे शोधनिबंध, विमानांचे दळणवळण, औषधांची माहिती आणि पुढे संगणक हे सारे मुख्यत्वे इंग्रजीत आले.

आपल्या देशाचे आकडे पाहण्यासारखे आहेत. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून सांगणारे भारतात अवघे २ लाख ६० हजारांच्या आसपास होते. पण पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती येते असे सांगणारे सुमारे १२ कोटी ९० लाख होते. म्हणजे भारतात इंग्रजी बोलणारा जवळजवळ प्रत्येक माणूस ती शिकून आलेला आहे. ती कोणाच्या रक्तात नव्हती. जे ब्राह्मणाच्या, बनियाच्या, शहरी अधिकाऱ्याच्या मुलाने शिकून मिळवले, ते पावऱ्याचे मूलही शिकून मिळवू शकते.

त्याच जनगणनेत भिली-भिलोडी भाषा बोलणारे १ कोटी ४ लाखांहून अधिक आहेत. पावरी, बारेली, वसावी, मावची, तडवी या बोली त्यातच धरल्या जातात. म्हणजे भिलीची लेकरे इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्या चाळीसपट! तरीही घटनेच्या आठव्या अनुसूचीत भिलीला जागा नाही आणि मोठ्या कचेऱ्यांत ती कोणी विचारीत नाही. भाषेची किंमत बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. तिच्या हाती कोणती दारे आहेत, यावर ठरते.

कोणती दारे?

पहिले दार दवाखान्याचे. औषधाच्या पाकिटावरचे नाव, मात्रा आणि मुदत बहुधा इंग्रजीत असते. डॉक्टरची चिठ्ठीही तशीच. घरात एक मूल जरी ते वाचू शकले, तरी मुदत संपलेले औषध आजीच्या पोटात जाणार नाही.

दुसरे दार शेताचे. आमच्या भागात केळीच्या बागांत मजुरी करणारी अनेक कुटुंबे डोंगरावरून येतात. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोणाची खूण असते : लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. ही खूण निरक्षर माणसालाही कळावी म्हणूनच आहे. पण औषध कशात मिसळू नये, अंगावर उडाले तर काय करावे, डॉक्टरला काय दाखवावे, हा मजकूर बारीक अक्षरांत असतो. घातक द्रव्याचे नावही मूळचे इंग्रजीच, आणि दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतात. डबा वाचता येणारा मजूर स्वतःचा जीव राखतो.

तिसरे दार न्यायाचे. घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा ग्रामसभेत मांडताना आपली बोली चालते, तालुक्याला मराठी चालते. पण प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तर ज्या जमिनीवर आजोबांनी नांगर धरला तिची हकीकत इंग्रजीत लिहिली जाते. वकील लिहितो आणि आपला माणूस अंगठा उठवतो. वर काय लिहिले आहे, हे वाचणारा एक जण तरी त्याच्या बाजूला बसलेला असावा, एवढे मागणे जास्त नाही.

चौथे दार पुढच्या शिक्षणाचे. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते, ही चांगली गोष्ट आहे. पण प्रवेश मिळाल्यावर पुस्तके आणि व्याख्याने इंग्रजीतच असतात. नर्सिंगचेही तेच. हुशार मुलगी पहिल्या वर्षी नापास होऊन गावी परतते, ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. वर्गात काय बोलले जाते हेच तिला कळत नाही, म्हणून.

ज्यांनी ही दारे उघडली

पंडिता रमाबाई आपल्या मंडळ्यांना परक्या नाहीत. संस्कृतच्या पंडिता असलेल्या या बाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे राहून शिकल्या आणि शिकवलेही. १८८७ मध्ये अमेरिकेत असताना त्यांनी हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते तिकडे घरोघरी वाचले गेले, मदतीसाठी मंडळ उभे राहिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. मराठीत लिहिलेले तेच पुस्तक अमेरिकेतल्या वाचकाला कसे कळले असते? पण पुढचे अधिक महत्त्वाचे आहे. याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या आणि १९२४ मध्ये त्यांचे संपूर्ण शास्त्र बाहेर आले. जी भाषा जगाशी बोलायला घेतली ती त्यांनी जगाशी बोलायला वापरली. आपल्या माणसांच्या अंतःकरणाशी बोलायला मात्र त्यांनी मराठीच निवडली.

दुसरे नाव जयपालसिंग मुंडा यांचे. झारखंडातल्या मुंडा खेड्यातला हा मुलगा रांचीच्या मिशन शाळेत शिकला, तिथून ऑक्सफर्डला गेला. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघाचा तो कर्णधार होता. पुढे घटना समितीत १९ डिसेंबर १९४६ रोजी त्यांनी आदिवासींच्या वतीने भाषण केले, उत्तम इंग्रजीत. आदिवासींना लोकशाही शिकवण्याची गरज नाही, ती त्यांच्याकडूनच शिकण्याजोगी आहे, असा त्याचा आशय होता. १९४९ मध्ये भाषेवर चर्चा झाली, तेव्हा मुंडारी, गोंडी आणि उरांव या भाषांना अनुसूचीत स्थान मिळावे म्हणून तेच उभे राहिले. इंग्रजी शिकल्याने माणूस आपल्या लोकांना विसरतो, असे म्हणणाऱ्यांनी हा माणूस आठवावा.

आणि आपल्या खानदेशातले उदाहरण हवे, तर डॉ. राजेंद्र भारूड. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील सामोडे गावचा हा भिल्ल मुलगा नवोदय विद्यालयात शिकला, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला, मग भारतीय प्रशासन सेवेत गेला. नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना कोविडच्या दुसऱ्या लाटेआधीच त्यांनी ऑक्सिजनचे प्रकल्प उभारले, हे सर्वांनी पाहिले. स्वतःची जीवनकहाणी लिहिली ती मात्र मराठीत, ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या नावाने.

धोका कुठे आहे?

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्रजीच्या ओढीने गल्लोगल्ली पाट्या लागल्या आहेत. आईबाप शेळी विकून, उचल घेऊन फी भरतात. गुरुजींना स्वतःला इंग्रजी येत नसते. मूल कविता पोपटासारखी म्हणते, पण तिचा अर्थ विचारला की गप्प. चार वर्षांनी त्याला इंग्रजी येत नाही, मराठी येत नाही आणि पावरी बोलायची त्याला लाज वाटू लागते. हे नुकसान फीच्या पैशांपेक्षा कितीतरी मोठे आहे. ज्या मुलाला आईच्या भाषेची लाज वाटली, त्याला पुढे आईचीही लाज वाटते.

म्हणूनच घटनेच्या ३५० अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे म्हटले आहे आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत तोच आग्रह आहे. मातृभाषेत वाचायला शिकलेले मूल दुसरी भाषा लवकर उचलते, कारण वाचन म्हणजे काय हे त्याला एकदा कळलेले असते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे माध्यम बदलण्याची घाई नको. आहे तो इंग्रजीचा तास चांगला व्हावा, एवढे हवे.

तास चांगला कसा होतो?

मूल आईची भाषा ज्या क्रमाने शिकले, तोच क्रम ठेवावा : आधी कान, मग जीभ, मग डोळे आणि शेवटी हात. पहिले काही महिने फक्त ऐकणे आणि बोलणे. समोर केळे ठेवावे आणि म्हणावे, ‘धिस इज अ बनाना.’ मग वाक्याची घडण दाखवावी. मराठीत आणि पावरीत क्रियापद शेवटी येते : ‘मी केळे खातो.’ इंग्रजीत ते मध्ये येते : ‘आय ईट अ बनाना.’ एवढा एक फरक नीट ठसला, तरी निम्म्या चुका थांबतात.

आपल्या लिपीत लिहिले तसे वाचतात. इंग्रजीत तसे नाही. ‘यू’ हे अक्षर ‘पुट’मध्ये ‘उ’ वाजते आणि ‘कट’मध्ये ‘अ’. मूल इथे अडखळले, तर त्यात त्याचा दोष नाही हे त्याला सांगावे. त्या भाषेचे स्पेलिंगच तसे आहे.

आणि मुलांना हेही सांगावे की इंग्रजी ही उसनवारीवर वाढलेली भाषा आहे. ‘बनाना’ हा शब्द पश्चिम आफ्रिकेतून पोर्तुगीज-स्पॅनिश लोकांमार्फत तिच्यात आला. ‘जंगल’ आणि ‘लूट’ हे शब्द तिने हिंदुस्थानातून उचलले. आणि इंग्रजीतला ‘माँगूस’ म्हणजे आपला मराठी मुंगूस! रानात मुंगूस पाहिलेल्या मुलाला हे सांगितले की त्याचे डोळे चमकतात. ती भाषा वाटते तितकी परकी नाही, असे त्याला त्या दिवशी वाटू लागते.

आपण काय करू शकतो?

पैशाखेरीजही पुष्कळ काही. आपल्या मंडळीतील निवृत्त शिक्षक, परिचारिका, रेल्वे किंवा बँकेत काम केलेली माणसे आठवड्यातून एक तास वसतिगृहातील मुलांशी सोप्या इंग्रजीत नुसत्या गप्पा मारू शकतात. घरातली मुले मोठी झाली की त्यांची चित्रांची इंग्रजी पुस्तके आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश रद्दीत न घालता इकडे पाठवता येतील. कॉलेजात गेलेल्या आदिवासी मुलींना पहिल्या वर्षी इंग्रजीचा आधार देणारी एक ताई मिळाली, तर अर्ध्यातून परतणाऱ्या काही जणी तरी टिकतील.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुलाशी बोलायला सुरुवात कराल, तेव्हा आधी त्याच्या भाषेतले दोन शब्द त्याच्याकडून शिकून घ्या. पाण्याला पावरीत काय म्हणतात, हे त्याला विचारा. ज्याने गुरुजींना काहीतरी शिकवले आहे, ते मूल गुरुजींकडून शिकायला घाबरत नाही.