वेल थॉमसनची, मूळ टेक्सासचं

पिंपळगाव बसवंतच्या किंवा दिंडोरीच्या कुठल्याही द्राक्षबागेत वाकून वेलीच्या बुंध्याकडे पाहिलं, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर एक गाठ दिसते. गाठीच्या खालची साल वेगळी, वरची वेगळी. पुष्कळदा जाडीही सारखी नसते. वर थॉमसन सीडलेस, सोनाका किंवा अशीच एखादी खाण्याची जात असते, खाली असतो जंगली खुंट. जानेवारी-फेब्रुवारीत खुंटाची रोपं लावायची, पावसाळ्यात ती वाढवायची आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांवर पाचर कलम करायचं, हा नाशिकचा आता अंगवळणी पडलेला क्रम आहे. मण्यांची फुगवण, घडाचा रंग, साखरेचं प्रमाण यांवर बागायतदारांच्या गप्पा तासन्‌तास रंगतात. पण विहिरीचं पाणी खारं निघालं, तर बाग तगणार की करपणार याचा निकाल त्या गाठीच्या खाली लागतो.

ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी १९२५ च्या सुमारास द्राक्षलागवडीला सुरुवात केली, असं नाशिकचा द्राक्ष-इतिहास सांगतो. त्यानंतर कित्येक दशकं इथली वेल स्वतःच्याच मुळांवर वाढली. काडी लावायची, ती मुळं धरायची, बाग उभी राहायची. युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकातच खुंटाशिवाय द्राक्ष जगेना. फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्‌ध्वस्त केल्या आणि तिला दाद न देणारी मुळं शोधत लोक अमेरिकेच्या रानात पोचले. टेक्सासमध्ये डेनिसन गावी राहणारे टी. व्ही. मन्सन हे रानटी द्राक्षवेलींचे मोठे जाणकार. फ्रान्सला केलेल्या मदतीबद्दल तिथल्या सरकारने १८८८ मध्ये त्यांचा गौरव केला. त्याच टेक्सासच्या चुनखडीच्या, कोरड्या टापूत ‘व्हायटिस चॅम्पिनी’ नावाची रानवेल वाढते. बेल परगण्यातल्या डॉग रिज या ठिकाणावरून तिच्या एका निवडीला नाव मिळालं, आणि तीच आपली ‘डॉगरीज’.

नाशिकला फिलॉक्सेराचा उपद्रव नाही. इथे खुंट आला तो पाणीटंचाई आणि खारं पाणी या दोन कारणांनी. १९९० नंतर महाराष्ट्रात त्याचा झपाट्याने प्रसार झाला आणि आज स्वमुळावरची नवी बाग क्वचितच लागते.

समुद्रापासून शंभर किलोमीटरहून दूर, सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे मीठ आलं कुठून? त्याचं उत्तर दगडात, पावसात आणि पाटाच्या पाण्यात आहे. दख्खनचा काळा पाषाण झिजतो तेव्हा त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटे होतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथे हे क्षार धुऊन जातात. पूर्वेला निफाड-सिन्नरकडे येईपर्यंत पावसाचा जोर पार ओसरलेला असतो आणि माती भारी, चिकण, निचऱ्याला मंद. क्षार तिथेच राहतात. त्यावर कालव्याचं पाणी मोजमाप न ठेवता दिलं, की भूजलाची पातळी वर येते, पाणी उडून जातं आणि मीठ पृष्ठभागी उरतं. दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनी अशा बिघडत चालल्याचं अभियंता क्लॉड इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकातच नोंदवलं होतं. म्हणजे हा इशारा आता जवळपास शंभर वर्षांचा झाला. आपण तो पुरेशा गांभीर्याने घेतला नाही, हे नीरा-प्रवरेच्या पट्ट्यातल्या चोपण जमिनी पाहिल्या की पटतं.

ठिबक आल्यावर पाण्याची मोठी बचत झाली, पण मिठाची गोष्ट संपली नाही. मे महिन्यात ड्रिपरखालची माती जवळून पाहावी. मधला भाग ओला, काळा; त्याच्या कडेने पांढरट, खरखरीत कडं. ओलावा जिथवर पसरतो तिथवर क्षार सरकत जातात आणि ओलीच्या काठावर साचतात. ठिबक चालू आहे तोवर मधली मुळं सुखी असतात. धोका असतो तो वळवाच्या पहिल्या हलक्या सरीचा. दहा-बारा मिलिमीटर पाऊस ते कडं विरघळवतो आणि क्षार परत मुळांच्या घेरात लोटतो. जोराचा पाऊस त्यांना खाली नेतो, हलका पाऊस नेत नाही. म्हणून खारवट रानात पहिल्या शिडकाव्यानंतर लगेच ठिबक बंद करू नये, असं माती-पाण्याचे अभ्यासक सांगतात. पाऊस पडत असताना पाणी सोडायचं, हे शेतकऱ्याच्या मनाला पटायला जड जातं. पण त्यामागचं कारण पक्कं आहे.

मीठ झाडाला दोन टप्प्यांत गाठतं. पहिला फटका पाण्याचा. मातीतलं पाणी खारं झालं की ते ओढून घेणं मुळांना अवघड होतं; माती ओली दिसते आणि वेल तहानलेली राहते. हा परिणाम काही तासांत सुरू होतो, शेंडा थबकतो. दुसरा फटका सावकाश येतो. पाण्याबरोबर सोडियम आणि क्लोराइड वर चढतात, पानातून पाणी वाफ होऊन निघून जातं, हे दोघं मात्र मागे राहतात. जुन्या पानांत ते साठतात, कडा करपायला लागतात, करपा आत सरकतो. पानाच्या कडा पालाशच्या कमतरतेनेही अशाच जळतात, आणि सोडियम वाढला की पालाश खरोखरच कमी पडतो, कारण रसायनाच्या दृष्टीने हे दोन्ही एकमेकांचे जवळचे भाऊ आहेत. नुसतं पान बघून निदान चुकू शकतं. देठ परीक्षणच करावं लागतं. पालाश द्यायचा म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश टाकलं तर त्यातलं क्लोराइड आणखी भर घालतं, म्हणून अशा बागांत सल्फेट ऑफ पोटॅश वापरतात.

द्राक्षाची सहनशक्ती किती, याचे आकडे मास आणि हॉफमन या अमेरिकी संशोधकांनी १९७७ मध्ये मांडले, आणि ते आजही वापरले जातात. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला १.५ डेसिसीमेन्स होईपर्यंत उत्पन्नाला धक्का लागत नाही. त्यापुढे प्रत्येक डेसिसीमेन्समागे उत्पन्न सुमारे ९.६ टक्क्यांनी घटतं. जगातल्या निम्म्या पिकांच्या मानाने द्राक्ष नाजूकच म्हणायचं.

आता गाठीखाली काय घडतं ते पाहू. मुळातून वर चढणाऱ्या रसाच्या नळ्यांना लागून काही पेशी असतात. त्यांच्या पातळ आवरणात ‘एचकेटी’ कुळातली प्रथिनं रुतलेली असतात. घाटाच्या तोंडाशी असलेल्या तपासणी नाक्यासारखं त्यांचं काम. वर निघालेल्या रसातून सोडियम बाजूला काढायचा आणि मुळाच्याच पेशींत परत ढकलायचा. नाका दक्ष असेल तर पानापर्यंत सोडियम कमी पोचतो. ढिला असेल तर वरच्या थॉमसनला त्याविरुद्ध काहीही करता येत नाही.

हा नाका द्राक्षात नेमका कुठल्या जनुकावर अवलंबून आहे, हे ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं. सॅम हेंडरसन, मॅथ्यू गिलिहम आणि सहकाऱ्यांनी दोन खुंटांच्या संकरातून तयार झालेली रोपं तपासली. एक खुंट सिसिलीत तयार झालेला १४० रुगेरी, मीठ अडवण्यात नावाजलेला. दुसरा के ५१-४०, मिठाला सहज आत घेणारा. संततीतल्या फरकाचा माग काढत ते ‘एचकेटी१;१’ या जनुकापर्यंत पोचले. मग त्यांनी दोन्हींकडची जनुकं आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशीत घातली. ही पेशी मोठी असते, तिच्यात सुया टोचून विद्युतप्रवाह थेट मोजता येतो. प्रथिनातल्या मोजक्या अमिनो आम्लांच्या फरकाने सोडियमची ने-आण बदलते, हे या मापनातून उघड झालं. नाशिकच्या वाचकासाठी यातली मोलाची गोष्ट म्हणजे के ५१-४० हा खुंट डॉगरीजचंच अपत्य आहे. रिपारिया जातीशी केलेल्या संकरातून तो जन्मला. आईबापांपैकी एक डॉगरीज असला म्हणून मीठ अडवण्याची ताकद लेकराला मिळेलच असं नाही.

पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काम करतं आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी थॉमसनच्या वेली वेगवेगळ्या खुंटांवर भरून, त्यांना खारं पाणी देत वर्षानुवर्षं तपासल्या. या कामातून डॉगरीजची दुसरी बाजू समोर आली. तो जोमदार आहे, टंचाईत तग धरतो, बाग लवकर उभी करतो. पण खाऱ्या पाण्यावर वर्षं उलटतात तसा त्याच्यावरच्या वेलीत सोडियम साचत जातो आणि पालाश मागे पडतो. ११० आर हा फ्रान्समध्ये रिश्टर यांनी तयार केलेला खुंट या बाबतीत उजवा ठरला. तरीही गावोगावच्या नर्सऱ्यांत आजही डॉगरीजच सर्रास मिळतो. पाण्यात क्लोराइड जास्त आहे की सोडियम, जमीन चुनखडीची आहे की चोपण, याचा विचार न करता सगळ्यांना एकच खुंट देणं आता थांबायला हवं.

हेच जनुककुळ निफाडकरांच्या ताटातही आहे. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेले त्र्यंबक, तपोवन हे सरबती गहू आणि पंचवटी, गोदावरी हे बन्सी गहू जिल्ह्याच्या ओळखीचे आहेत. यांपैकी बन्सी गव्हाला खारं रान जास्त सोसवत नाही. सरबती गव्हात गुणसूत्रांचा एक जादा संच असतो, त्यात सोडियम अडवणारं ‘एचकेटी’ जनुक आहे. बन्सीत तो संचच नाही. ऑस्ट्रेलियात राना मुन्स यांच्या गटाने एका प्राचीन रानटी गव्हाच्या नातलगाकडून असं जनुक नेहमीच्या संकराने बन्सीत आणलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार खाऱ्या शेतात त्या गव्हाने २५ टक्क्यांपर्यंत जास्त उत्पन्न दिलं.

कसारा घाट उतरून ठाण्याच्या खाडीवर गेलं, की मिठाशी वागण्याचे याहून धीट प्रकार दिसतात. कांदळ मुळाशीच बहुतेक मीठ गाळतो. तिवर काही मीठ आत येऊ देते आणि पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी तिच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. जी. व्ही. जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात कोकण किनाऱ्यावरच्या या झाडांचं प्रकाशसंश्लेषण तपासलं. देशातल्या क्षार-वनस्पतिशास्त्राचा तो पाया होता आणि त्याचं श्रेय त्यांना अजून पुरेसं मिळालेलं नाही. द्राक्षाच्या पानावर मात्र मिठाच्या ग्रंथी नाहीत. वेलीची मदार प्रामुख्याने मुळावरच्या नाक्यावर आहे.

आणि नाक्यालाही मर्यादा आहेत. मुळाने अडवलेलं मीठ नाहीसं होत नाही, ते मुळाभोवतीच्या मातीत साचतं. शिवाय ते अडवायला ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी मुळाला हवा लागते. भारी काळ्या जमिनीत सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, पाणी तुंबतं, मुळं गुदमरतात. अशा वेळी चांगल्या खुंटाचाही पहारा ढिला पडतो. खारेपणा आणि पाणथळ एकत्र आले की नुकसान बेरजेपेक्षा जास्त होतं. त्यामुळे चर काढून निचरा करणं, चोपणीत जिप्सम घालणं आणि चुनखडीच्या जमिनीत गंधक देणं ही कामं खुंट बदलून टळत नाहीत. गंधकाचं मातीतल्या जिवाणूंमुळे आम्ल होतं, ते चुना विरघळवतं आणि सुटलेलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतं.

क्लोराइडचं कोडं अजून बरंच बाकी आहे. सोडियमसारखं ते एका जनुकावर उकलत नाही. त्यात अनेक जनुकांचा हात असल्याचं संकरांच्या संततीवरून दिसतं. सोडियमच्या बाबतीत मात्र आता नव्या खुंटाचं रोप दोन-चार पानांचं असतानाच त्याचं ‘एचकेटी’ तपासता येतं, खाऱ्या पाण्यावर वर्षानुवर्षं वाढवून वाट पाहण्याची गरज उरत नाही. मांजरीपासून ॲडलेडपर्यंतच्या खुंटपैदाशीला याचा मोठा उपयोग आहे. नाशिकच्या बागायतदाराला आज करता येण्यासारखं काम त्यामानाने छोटं आहे. खुंट मागवण्याआधी विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा, आणि तो एप्रिल-मेमध्ये घ्यायचा. पावसाळ्यात नवं पाणी मिसळलेलं असतं, अहवाल गोड येतो. उन्हाळ्यात पातळी तळाला गेल्यावर वेलीला प्रत्यक्षात जे पाणी प्यावं लागतं, त्याचा खारेपणा त्या नमुन्यातच सापडतो.