शिबिरासाठी कुऱ्हाड घेताना

दिवाळीची सुट्टी संपली की बऱ्याच शाळांमध्ये शिबिराची तयारी सुरू होते. दोरखंड, पातेली, ताडपत्री, प्रथमोपचाराची पेटी अशी भली मोठी यादी होते. त्या यादीत कुठेतरी खाली एक ओळ असते : 'छोटी कुऱ्हाड – १'. तंबू कोणता घ्यावा यावर चर्चा होते, कुऱ्हाडीवर होत नाही. बाजारात जाणारा जी सर्वांत चकचकीत दिसेल किंवा जी सर्वांत स्वस्त असेल ती घेऊन येतो. पण यादीतील सर्व वस्तूंमध्ये मुलाला दवाखान्यात पोचवण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती हिचीच. शिवाय पाचर, तरफ, गतिज ऊर्जा, धातूंचे गुणधर्म असे आपण वर्गात शिकवतो ते कितीतरी विज्ञान या एका वस्तूत एकत्र आलेले असते. ते विज्ञान वापरून थोड्या पैशात चांगली कुऱ्हाड निवडता येईल का, हे आपण पाहू.

आधी काम ठरवू

शिबिरात झाडे तोडायची नसतात. खाली पडलेल्या वाळक्या फांद्यांचे तुकडे करायचे, सरपण चुलीत जाईल इतके फोडायचे, तंबूच्या खुंट्यांना टोक काढायचे, एवढेच काम असते. लाकूड मनगटाएवढे, फार तर दंडाएवढे जाड. त्यासाठी शेतावरची दोन हातांनी चालवायची दीड-दोन किलोची कुऱ्हाड नको. नववी-दहावीच्या मुलांना ती आवरत नाही. ५०० ते ७०० ग्रॅम वजनाचे पाते आणि ३५ ते ४० सेंटिमीटर लांब दांडा असलेली एका हाताची कुऱ्हाड पुरते.

हल्ली 'टॉमहॉक' नावाची कुऱ्हाडही दुकानात दिसते. हा शब्द उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या अल्गोंक्वियन भाषाकुळातला आहे. युरोपीय व्यापारी आल्यावर त्यांच्याकडून तेथील लोकांना लोखंडी पाती मिळू लागली आणि टॉमहॉक म्हणजे लोखंडी पात्याची हलकी कुऱ्हाड असा अर्थ रूढ झाला. तिचे पाते पातळ व हलके, दांडा लांब आणि सरळ. ती फेकण्यासाठीही वापरत. सरपण फोडायला मात्र ती तितकीशी सोयीची नाही. का, ते पुढे येईलच. तिच्यात घेण्यासारखी एक गोष्ट आहे, तीही पाहू.

घावात असते काय?

समजा पाते ६०० ग्रॅमचे आहे आणि लाकडावर आदळताना त्याचा वेग सेकंदाला ८ मीटर आहे. त्याची गतिज ऊर्जा ½ × ०.६ × ८ × ८, म्हणजे सुमारे १९ ज्यूल. ही ऊर्जा काही फार नाही. एक किलोचे वजन दोन मीटरवरून पडले तर जवळजवळ इतकीच ऊर्जा मिळते. पण पाते लाकडात २ सेंटिमीटर जाऊन थांबले, तर ही सगळी ऊर्जा तेवढ्याशा अंतरात खर्च होते. १९ ज्यूलला ०.०२ मीटरने भागा. सरासरी बल ९५० न्यूटनच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ १०० किलोग्रॅम वजनाइतके! हाताने नुसते दाबून आपण हे कधीच करू शकलो नसतो.

आता हे बल किती जागेवर पडते ते पाहा. धार ८ सेंटिमीटर लांब आणि ०.१ मिलिमीटर जाड असेल, तर क्षेत्रफळ फक्त ८ चौरस मिलिमीटर. तीच धार बोथट होऊन १ मिलिमीटर जाड झाली, तर क्षेत्रफळ दहापट आणि दाब एकदशांश. बोथट कुऱ्हाड लाकडात शिरत नाही, घसरते. आणि घसरलेली कुऱ्हाड पायाकडे जाते. मुलांच्या हाती बोथट हत्यार दिले म्हणजे धोका कमी होतो, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

ऊर्जा वाढवायची तर वजन वाढवावे की वेग? वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. दांडा लांब असेल तर पाते मोठ्या वर्तुळात फिरते आणि वेग वाढतो. खांद्यापासून मुठीपर्यंत ६० सेंटिमीटर धरले, तर ३५ सेंटिमीटर दांड्याला एकूण त्रिज्या ९५ होते आणि ४५ सेंटिमीटर दांड्याला १०५. हात तेवढ्याच झपाट्याने फिरला तर ऊर्जेत सुमारे २२ टक्के वाढ. हलक्या टॉमहॉकला लांब दांडा असतो तो यासाठीच. पण लांब दांड्याने नेम धरणे नवख्याला कठीण जाते, म्हणून आम्ही मुलांसाठी ३८-४० सेंटिमीटर हा मधला मार्ग सुचवू.

पाचर किती जाड?

कुऱ्हाडीचे पाते म्हणजे पाचर. ती खाली ढकलली की तिच्या दोन्ही बाजू लाकडाला आडवे रेटतात. घर्षण बाजूला ठेवले तर २० अंशांच्या पाचरीची प्रत्येक बाजू खाली लावलेल्या बलाच्या सुमारे २.९ पट बलाने रेटते. ३० अंशांची पाचर सुमारे १.९ पट. मग पातळ पाचरच चांगली नाही का? तोडण्यासाठी होय. पण फोडताना पातळ पाते खोल जाऊन रुतून बसते. लाकूड मात्र दुभंगत नाही, कारण त्याचे दोन भाग पुरेसे दूर सारलेच जात नाहीत. टॉमहॉकची अडचण नेमकी ही आहे. शिबिरासाठी धारेजवळ २५ ते ३० अंश आणि मागे नेढ्याकडे हळूहळू जाड होत जाणारे पाते बरे.

पोलाद आणि 'पाणी'

साध्या नरम पोलादात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. असे पोलाद तापवून पाण्यात बुडवले तरी फारसे कठीण होत नाही. त्याच्या कुऱ्हाडीची धार दोन दिवसांत वळते. सर्वांत स्वस्त कुऱ्हाडींपैकी काही अशा असतात. वरून रंग मात्र झकास! चांगल्या पात्याला ०.५ ते ०.८ टक्के कार्बन हवा. आपल्याकडे असे पोलाद स्वस्तात मिळण्याची एक जागा आहे. ट्रकच्या चाकांवरील स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये सुमारे ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. भंगारात निघालेल्या या पाट्यांपासून गावोगावचे लोहार कोयते आणि कुऱ्हाडी बनवतात.

लोहार धारेला 'पाणी देतो' म्हणजे काय करतो? पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसला लालबुंद तापले की त्यातील अणूंची रचना बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो. एकदम थंड केल्यावर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो अडकून पडतो आणि रचना ताणलेली राहते. यामुळे पोलाद अतिशय कठीण पण काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवतात. थोडा कठीणपणा जातो, पण चिवटपणा येतो. या वेळी घासलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि जाडीनुसार रंग दिसतात : २२५ अंशांच्या सुमारास गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. लोहाराचा तापमापक म्हणजे हे रंग.

यातून खरेदीचा एक नियम निघतो. धारेवर निळसर डाग दिसला तर ती यंत्राच्या सहाणेवर घासताना जास्त तापली आहे, तिचे पाणी उतरले आहे असे समजा. घरी धार लावतानाही म्हणूनच हाताची कानस आणि ओला दगड वापरावा.

दांडा

काही अपघात दांड्यामुळेही होतात. पाते निसटते किंवा दांडा मोडतो. लाकूड तंतूंच्या दिशेने फार मजबूत असते, आडवे मात्र सहज फाटते. म्हणून तंतू दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेलेले हवेत. ते मध्येच तिरपे बाहेर निघत असतील किंवा गाठ असेल, तर तेथेच तो मोडणार. अमेरिकेत यासाठी हिकरी वापरतात, युरोपात अ‍ॅश. आपल्याकडे धावडा आणि बाभूळ कशातही कमी नाहीत. धावड्याला इंग्रजीत 'ॲक्सलवुड' म्हणतात, ते त्याच्या चिवटपणामुळेच.

पावसाळ्यात घट्ट बसलेली कुऱ्हाड एप्रिलमध्ये का हलते? लाकूड हवेतील ओलावा शोषून आडवे फुगते आणि सुकले की आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवण्याचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. पण फुगणाऱ्या लाकडाला लोखंडी नेढे पसरू देत नाही, त्यामुळे तंतू चिरडले जातात. सुकल्यावर ते पहिल्यापेक्षाही बारीक होतात. थोडक्यात, हा उपाय एक दिवसाचा आहे. खरा उपाय म्हणजे सुक्या दिवसांत नवी पाचर ठोकणे.

टॉमहॉककडून घेण्यासारखी गोष्ट ती येथे. तिचा दांडा वरून घालतात आणि तो वरच्या टोकाला जाड असतो. फिरवताना पाते बाहेर ओढले जाते, म्हणजे जाड टोकाकडे सरकून अधिकच घट्ट बसते. आपल्या टिकावाचा दांडाही असाच असतो. लोहाराकडून कुऱ्हाड करून घेणार असाल, तर नेढे असे निमुळते करायला सांगता येईल.

दुकानात पाच मिनिटे

१. सोबत बारीक कानस न्यावी. धारेवर हलकेच फिरवल्यावर ती लोण्यासारखी चावली तर पोलाद नरम आहे. नुसती घसरली तर धार फार कठीण, तुकडा उडण्याची भीती. जेमतेम चावेल ती योग्य.
२. धार डोळ्यासमोर धरून दांड्याकडे पाहा. दोन्ही एका रेषेत हवेत.
३. पाते दोरीला टांगून खिळ्याने ठोका. खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज म्हणजे भेग असण्याची शक्यता.
४. दांड्याच्या टोकाचे वर्तुळे-रेषांचे चित्र पाहा. रेषा धारेच्या दिशेने असाव्यात, आडव्या नकोत.
५. दांड्यावर जाड रंग असेल तर घेऊ नका. रंगाखाली गाठी लपतात.

पैसे कमी असतील तर ते पात्यावर खर्च करावेत. ओबडधोबड पाते कानसून नीट करता येते, खराब दांडा बदलता येतो. चुकीचे पोलाद मात्र घरी सुधारता येत नाही.

वापरताना

लहान दांड्याचा एक मोठा तोटा आहे. लांब कुऱ्हाडीचा घाव चुकला तर ती बहुधा जमिनीत जाते. आखूड कुऱ्हाड वर्तुळ पूर्ण करून नडगीपर्यंत पोचते. म्हणून गुडघे टेकून, समोर जाड ओंडका ठेवून त्यावरच तोडावे. घाव चुकला तर पाते ओंडक्यात जाईल, पायात नाही. कुऱ्हाड धरलेला हात लांब करून फिरलो तर जेवढे वर्तुळ होईल, त्यात दुसरे कोणी नसावे. मागच्या बाजूने खुंट्या ठोकू नयेत, कारण त्या ठोक्यांनी नेढे वाकडे होते. त्यासाठी मोगरी किंवा दगड घ्यावा. आणि शिबिर अभयारण्यात असेल तर कुऱ्हाड घरीच ठेवावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथे परवानगीशिवाय लाकूड तोडता येत नाही.

शक्य असेल तर शिबिरापूर्वी मुलांना एकदा लोहाराच्या भट्टीवर न्यावे. सोबत लांब तारेला बांधलेले चुंबक असू द्या. पोलाद सुमारे ७७० अंशांच्या वर गेले की चुंबकाला चिकटत नाही. ते चिकटेनासे झाले की थोड्याच वेळात पाणी देण्याची वेळ येते. लोहार हे केवळ रंगावरून कसे ओळखतो, ते मुलांनी त्यालाच विचारावे.