दोष वागण्याचा की व्यवस्थेचा?
अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण 12 ते 13 टक्के. एचआयव्हीच्या नव्या निदानांत मात्र त्यांचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास. ‘ते बेफिकीर वागतात’ हे सोयीचं उत्तर अभ्यासांत टिकलेलं नाही. कृष्णवर्णीय समलिंगी पुरुष गोऱ्यांपेक्षा जास्त धोका पत्करतात, असं त्यांत आढळत नाही.

मग व्यवस्थेकडे पाहू. देशातली निम्म्याच्या आसपास नवी निदानं दक्षिणेकडच्या राज्यांतली. मिसिसिपी, अलाबामा, टेक्सस यांनी गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ विम्याचा विस्तार अजून स्वीकारलेला नाही. विमा नाही, दवाखाना लांब, गाडी नाही, रजा घेतली की पगार कापला. मग एचआयव्हीच्या गोळ्या सुटतात. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर शारीरिक संबंधातून लागण होत नाही. म्हणजे सुटलेला उपचार जोडीदारालाही भोवतो.

कृष्णवर्णीयांचा डॉक्टरांवर अविश्वास आहेच, आणि तो उगीच नाही. अलाबामातल्या टस्कीगीत 1932 ते 1972 सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना आजार नेमका काय ते न सांगता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते त्यांना दिलं नाही.