परदेशातील घर आणि पायी चालण्याचे अंतर

मुलगा किंवा मुलगी नातवंडांसह परदेशी निघाली, की घराची निवड फोनवरून आपल्यापुढे येते. दोन-तीन घरांची छायाचित्रे दाखवून ‘तुम्हाला कोणते बरे वाटते?’ असे विचारले जाते आणि आपण संकोचाने म्हणतो, ‘आम्हाला तिथले काय कळते?’ वाचकहो, हा संकोच नको. गुलमंडीच्या गजबजाटातून सिडकोत येऊन ज्यांनी संसार मांडला, त्यांना वस्ती पारखता येते. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घर पाहताना नळाला किती दिवसांनी पाणी येते, हे आधी विचारतात. खोल्या मागाहून मोजतात. परदेशातील घराबाबत त्याच तोलाचा प्रश्न म्हणजे, या घरातून पायी कुठे कुठे जाता येते?

अमेरिकेत सरकारी शाळा बहुधा घराच्या पत्त्यावरून ठरते. हद्द मधूनच जात असेल, तर एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची मुले निराळ्या शाळांत जातात. इंग्लंडमध्ये जागांपेक्षा अर्ज अधिक आले, की अनेक शाळांत घरापासूनचे अंतर निर्णायक ठरते. म्हणजे घर निवडताना शाळाही निवडली जात असते आणि म्हणूनच पालक शाळांच्या गुणांकनामागे धावतात. ते अवश्य पाहावे. परंतु मूल शाळेत पोहोचते कसे, हे त्या आकड्यांत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल हवी. शाळा झपझप चालीने 15 मिनिटांवर असेल, तर त्यातील निम्मी जाता-येताच होते.

शाळा थोडी दूर असली, तर वाहनाची सोय होईलच असे नाही. इंग्लंडमध्ये निव्वळ अंतराच्या नियमाने मोफत वाहतूक मिळते ती 8 वर्षांखालील मुलाची जवळची योग्य शाळा 2 मैलांहून दूर असेल तेव्हा; त्यापुढील वयाला ही मर्यादा 3 मैल. त्याआतली ने-आण घरच्यांकडे. आई-वडील दोघेही नोकरीवर असले, की हे काम पाहुण्या आलेल्या आजीकडे येते. तिला मोटार चालवता येत नाही, हे घर घेताना कोणाच्या लक्षात आलेले नसते.

माझ्याकडे सिडकोतील एक निवृत्त शिक्षिका अनेक वर्षे मधुमेहासाठी येतात. अमेरिकेत मुलाकडे साडेपाच महिने राहून परतल्या, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा त्यांचा आकडा 7.1 वरून 8.6 वर गेला होता. औषध एक दिवसही चुकले नव्हते. घर ऐसपैस, शाळा नामांकित. परंतु पदपथ नाही, बस नाही, किराणा मोटारीने 10 मिनिटांवर. इथे रोज कॉलनीच्या बागेत फेऱ्या मारणाऱ्या बाई तिथे दिवसभर दिवाणखान्यात बसून. ‘डॉक्टर, सगळे होते, फक्त उंबरा ओलांडता येत नव्हता,’ असे त्या म्हणाल्या. नऊ वर्षांच्या नातवाचेही तेच. मित्राकडे जायचे तरी आई कामावरून येण्याची वाट पाहायची.

आपल्या माणसांच्या वस्तीत राहावे की नाही, यावर घरोघरी वाद होतात. माझे मत विचाराल, तर पहिली एक-दोन वर्षे तरी राहावे. वृद्धांचा एकटेपणा हा आजारच आहे आणि आपल्या भाषेत दोन शब्द बोलणारे कोणी भेटले, की तो हलका होतो. न्यू जर्सीत एडिसन-इझलिन भागातील ओक ट्री रोड भारतीय दुकानांनी गजबजलेला आहे. पण तिथे जायलाही मोटार लागत असेल, तर आजोबांना ती दुकाने असून नसल्यासारखी.

हिवाळ्याचाही विचार व्हावा. लंडनमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे शाळा सुटून मूल घरी येते तोच अंधार. अशा ठिकाणी सार्वजनिक वाचनालय आणि छताखालचे क्रीडागृह जवळ असणे ही चैन नव्हे. दवाखान्याची चौकशीही आधीच करावी. इंग्लंडमध्ये परिसरातील सामान्य डॉक्टरांकडे पाहुण्यांनाही विनामूल्य तपासून घेता येते, रुग्णालयातील बहुतेक उपचारांचे मात्र पैसे पडतात. अमेरिकेत प्रवास विम्याखेरीज जाऊच नये. त्यात जुना मधुमेह, रक्तदाब धरला आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे.

करार करण्यापूर्वी मुलाला एवढेच सांगा : कामाच्या दिवशी, शाळा सुटण्याच्या वेळी, त्या घरापासून शाळेपर्यंत एकदा पायी जा आणि व्हिडिओ कॉल चालू ठेव. पदपथ मध्येच संपतो का, मोठा रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का, इतर मुले चालत निघालेली दिसतात का, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाटेत टेकायला एखादा बाक आहे का, ते आपणच घरबसल्या पाहा.