विवरणपत्रातील अपत्य : रायगड किनाऱ्यावरून एक मागोवा

करदात्यावर अवलंबून असलेल्या मुलांची दखल भारतीय प्राप्तिकराने गेल्या सात दशकांत कशी घेतली, हे पाहताना आरंभ रायगडपासून करणे उचित ठरते. कारण कराचा कुटुंबाशी मेळ घालणारे एक महत्त्वाचे पाऊल उचलणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे महाडजवळील नाते येथे जन्मले होते आणि १९५२मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आजच्या रायगड परिसरातून, लोकसभेवर निवडून आले होते. १९५५च्या अर्थसंकल्पात त्यांनी उत्पन्नाचा करातून वगळला जाणारा पहिला टप्पा विवाहितांसाठी १,५०० रुपयांवरून २,००० रुपयांपर्यंत वाढवला, तर अविवाहितांसाठी तो १,००० रुपयांवर आणला. १९५८च्या सुमारास या रचनेत मुलेही आली : अपत्य नसलेल्या विवाहितास ३,००० रुपये, एक अपत्य असल्यास ३,३०० आणि त्याहून अधिक असल्यास ३,६०० रुपये अशी श्रेणी ठरली. मिळकत तीच असली तरी तिच्यावर किती माणसे जगतात यानुसार कर देण्याची ऐपत बदलते, हे तत्त्व त्यामागे होते.

पुढे या श्रेणी मागे पडून सर्व व्यक्तींना एकच मर्यादा लागू झाली, आणि मुलाच्या असण्याऐवजी मुलावर झालेला विशिष्ट खर्च हा सवलतीचा आधार बनला. नियोक्त्याने दिलेल्या शिक्षण भत्त्यापैकी दरमहा १०० रुपये आणि वसतिगृह भत्त्यापैकी दरमहा ३०० रुपये प्रत्येक अपत्यामागे, तेही दोनच अपत्यांपर्यंत, करमुक्त धरले गेले. १९९०च्या दशकातील हे आकडे महागाई कितीही वाढली तरी दोन दशकांहून अधिक काळ तसेच राहिले. २००३मध्ये शाळा-महाविद्यालयाचे शिकवणी शुल्क कलम ८८मध्ये समाविष्ट झाले. या कलमाची सूट उत्पन्नातून नव्हे, तर देय करातूनच वजा होत असे. २००५च्या वित्त कायद्याने त्याची जागा कलम ८०सीने घेतली, ज्यात शुल्क उत्पन्नातून वजा होते. मात्र भविष्य निर्वाह निधी, विमा हप्ता आणि गृहकर्जाची मुद्दल यांच्यासह सर्वांची मिळून मर्यादा एक लाख, व २०१४पासून दीड लाख रुपये राहिली. पूर्णवेळ शिक्षणाचे शुल्क तेवढे येथे ग्राह्य असून देणगी किंवा विकास निधी धरला जात नाही. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी करदात्याने स्वतःच्या नावे घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट कलम ८०ईने, तर अपंग अवलंबिताच्या संगोपनाची ७५,००० रुपयांची, व तीव्र अपंगत्व असल्यास सव्वा लाखाची, वजावट कलम ८०डीडीने दिली.

रायगड किनाऱ्यावर या सवलतींचा लाभ कोणाला झाला, हे तेथील अर्थव्यवस्थेच्या रचनेवरून समजते. थळचा खत कारखाना, नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल आणि १९८९मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर यांमुळे पगारदारांचा मोठा वर्ग तयार झाला, ज्याच्या हाती वेतन व कपात केलेला कर दाखवणारे नियोक्त्याचे प्रमाणपत्र येते आणि ज्याला शुल्काच्या पावतीच्या आधारे वजावट मागता येते. याउलट नारळ-सुपारीच्या वाडीचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त असते, आणि ज्या कोळी कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेखाली राहते त्याला भरण्यासारखा करच नसल्याने वजावटीचा अर्थ उरत नाही. म्हणजे मुलाच्या शिक्षणाचा भार जिथे सर्वांत जड, तिथे ही मदत पोहोचतच नाही.

२०२०मध्ये आलेली आणि २०२३-२४पासून आपोआप लागू होणारी नवी करप्रणाली दर कमी ठेवते, पण शुल्क, शैक्षणिक कर्ज व भत्ते यांच्या या वजावटी देत नाही. १ एप्रिल २०२६पासून अमलात आलेल्या प्राप्तिकर कायदा, २०२५नेही हीच दिशा कायम ठेवली आहे. सुटसुटीतपणाचे मूल्य नाकारता येत नाही, तरीही समान मिळकतीच्या दोन घरांपैकी एकात तीन मुले शिकत असतील आणि दुसऱ्यात एकही नसेल, तर दोघांकडून सारखाच कर घेणे न्याय्य ठरत नाही. म्हणून १९५५चे ते मूळ तत्त्व आजच्या रकमांत पुन्हा मांडले जावे, आणि कर न भरणाऱ्या घरांतील मुलांसाठी त्याच तोलाची थेट मदत असावी. कारण मुलाला वाढवणे ही केवळ पालकांची खासगी बाब नसून ते समाजाच्या उद्याचे काम आहे.