वर्डस्वर्थची भाषाभूमिका, ज्ञानेश्वरी आणि मराठीतील नवी कविता

१

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे, प्रवरेच्या परिसरात, एक शिलालेखयुक्त खांब आहे. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली, अशी श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ओव्यांत शके १२१२ (इ. स. १२९०) हे वर्ष आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव येते. दुर्गा भागवत यांच्या 'पैस' (१९७०) या ललितलेखसंग्रहाला नाव मिळाले तेही या खांबावरूनच. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला नेवासे परिचित असते ते या एका कारणाने. इंग्रजी स्वच्छंदतावादी कवितेचा विचार करताना मात्र या गावाची आठवण सहसा कोणाला होत नाही. ती व्हावयास हवी, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

पदव्युत्तर वर्गांत केशवसुतांच्या कवितेची पार्श्वभूमी म्हणून इंग्रजी स्वच्छंदतावादाचा परिचय करून दिला जातो. निसर्गप्रेम, कल्पनाशक्ती, आत्मनिष्ठा, सामान्य माणसाविषयी आस्था आणि बोलभाषेचा स्वीकार अशी वैशिष्ट्ये फळ्यावर मांडली जातात. नंतर तीच वैशिष्ट्ये मराठी कवितेत शोधली जातात, आणि ती सापडली की 'प्रभाव' सिद्ध झाला असे मानले जाते. या पद्धतीत दोन दोष आहेत. इंग्रजी कवींचा झगडा नेमका कशाशी होता, हे तीतून कळत नाही. आणि मराठीला त्यांपैकी कोणती गोष्ट खरोखर नवी होती, हेही कळत नाही. म्हणून येथे आरंभीच्या कवींची भूमिका थोडी तपशिलाने पाहून, तिच्यापुढे ज्ञानेश्वरीचे उदाहरण ठेवावयाचे आहे.

२

प्रथम काही तथ्ये स्पष्ट करून घेऊ. वर्डस्वर्थ (१७७०–१८५०) आणि कोलरिज (१७७२–१८३४) यांचा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह १७९८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो कवींच्या नावाविना. त्यात २३ कविता होत्या आणि त्यांपैकी ४ कोलरिजच्या होत्या. आरंभी कोलरिजची वृद्ध खलाशाची कथा होती. शेवटी टिंटर्न मठाच्या परिसरात रचलेली वर्डस्वर्थची चिंतनपर कविता होती. पहिल्या आवृत्तीला केवळ एक छोटे निवेदन होते. जिला आपण 'प्रस्तावना' म्हणून ओळखतो ती १८०० च्या आवृत्तीत आली आणि १८०२ मध्ये वाढविली गेली. तेव्हा प्रस्तावना हा कवितांचा पूर्वनियोजित आराखडा नव्हे. लिहून झालेल्या कवितांचे ते समर्थन आहे. नव्या कवितेचे शास्त्र बहुधा कवितेच्या मागून येते, हे येथेही दिसते.

दुसरे असे की, या कवींनी स्वतःला 'रोमँटिक' म्हटले नाही. हे नाव त्यांना पुढील काळाने दिले. त्यांच्या हयातीत 'सरोवर-संप्रदाय' असे त्यांना म्हटले गेले ते 'एडिंबरो रिव्ह्यू'सारख्या नियतकालिकांतील प्रतिकूल टीकेतून. हे कवी काळाने जवळचे होते, पण एकमताचे नव्हते. त्यांच्याआधीही थॉमसन, ग्रे, कूपर आणि बर्न्स यांनी ग्रामजीवन, निसर्ग आणि लोकभाषा यांकडे कवितेचे तोंड वळविले होते. बर्न्सचा स्कॉट बोलीतील संग्रह १७८६ चा आहे. तेव्हा १७९८ हे वर्ष आरंभबिंदू म्हणून सोयीचे असले, तरी ते आकाशातून पडलेले नाही.

तिसरा मुद्दा राजकीय काळाचा. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने तरुण वर्डस्वर्थला भारून टाकले होते. १७९१–९२ मध्ये तो फ्रान्समध्ये राहिला. पुढे क्रांतीचे रूपांतर दहशतीत आणि युद्धात झाले, आणि त्याची निराशा झाली. राजकारणातून जी समता आली नाही, ती कवितेच्या विषयांत आणि भाषेत आणता येईल काय, हा प्रश्न या निराशेच्या मागोमाग येतो. वृद्ध मजूर, भटकी स्त्री, मतिमंद मुलगा ही माणसे १७९८ च्या संग्रहात आली ती या वाटेने. ज्यांना इतिहासात नाव नाही त्यांच्या दुःखालाही शोकात्म गांभीर्य असते, असा दावा येथे केला गेला. याला केवळ 'निसर्गप्रेम' म्हणणे अपुरे आहे.

३

प्रस्तावनेतील भाषाविषयक प्रतिपादन सर्वांना ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या कवितेत काव्यासाठी राखून ठेवलेली, ठराविक विशेषणांनी सजविलेली एक पदावली रूढ झाली होती. ती टाकून माणसे प्रत्यक्ष जी भाषा बोलतात तिच्यातून निवड करून कविता रचावी, आणि गद्याच्या व पद्याच्या भाषेत मूलभूत भेद मानू नये, असे वर्डस्वर्थने म्हटले. साध्या ग्रामीण जीवनात मनाचे मूळ विकार कमी बंधनात असतात व अधिक स्पष्टपणे व्यक्त होतात, हे त्याचे कारण त्याने दिले. कविता उत्कट भावनेतून उमटते, या त्याच्या विधानाचा अर्धाच भाग आपण उद्धृत करतो. अशी कविता लिहिणाऱ्याने दीर्घकाळ आणि खोलवर विचार केलेला असतो, आणि तिची निर्मिती भावना शांतपणे पुन्हा आठवली गेल्यावर होते, हा उरलेला भाग गाळला जातो. त्यामुळे 'उत्स्फूर्तता' या शब्दाचा फार सोपा अर्थ वर्गात रूढ झाला आहे.

या प्रतिपादनावरील सर्वांत मर्मग्राही आक्षेप वर्डस्वर्थच्या मित्राचाच आहे. 'बायोग्राफिया लिटरेरिया' (१८१७) मध्ये कोलरिजने दाखवून दिले की, ग्रामीण माणसाच्या बोलण्यातून बोलीविशेष आणि व्याकरणदोष काढून टाकले की जे उरते ते ग्रामीण राहत नाही. ती कोणत्याही समंजस माणसाची भाषा होते. शिवाय भाषेचा उत्तम अंश हा मनाने स्वतःच्या व्यापारांवर केलेल्या चिंतनातून घडतो, केवळ शेताभातातील वस्तूंच्या नावांतून नव्हे.

या दोघांच्या मतभेदात कोणाची बाजू घ्यावी? मराठीच्या अभ्यासकाजवळ या प्रश्नाचे एक उत्तर सातशेहून अधिक वर्षे पडून आहे.

४

ज्ञानेश्वरांपुढचा प्रश्न वर्डस्वर्थच्या प्रश्नाहून कठीण होता. वर्डस्वर्थला एकाच भाषेतील दोन पदावल्यांतून निवड करावयाची होती. ज्ञानेश्वरांना दोन भाषांतून करावयाची होती, आणि त्यांपैकी एकीला शास्त्राचा अधिकार होता. गीतेचे ७०० श्लोक संस्कृतात होते. ते ज्यांना कळत नव्हते, किंवा ज्यांना ते वाचण्याचा अधिकारच नाकारला होता, असे श्रोते समोर होते. सहाव्या अध्यायाच्या आरंभी आपले मराठी शब्द गोडीच्या पैजेत अमृतालाही हरवतील, असा विश्वास ज्ञानेश्वर व्यक्त करतात. लगेच पुढे ते असे चित्र उभे करतात की, या शब्दांच्या रसाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांत आपापसांत कलह लागेल. भाषेच्या इंद्रियगम्य सामर्थ्याविषयीचा हा विचार कोणत्याही जाहीरनाम्याहून कमी नाही.

आता या भाषेचे स्वरूप पाहू. ज्ञानेश्वरीत शेत, पाणी, दिवा, आई आणि मूल, बाजार आणि स्वयंपाकघर यांतून आलेले दृष्टांत ओळीने येतात. त्याच ओव्यांत सांख्य, योग आणि वेदान्त यांची परिभाषाही असते. हे दोन थर परस्परविरोधी वाटत नाहीत. लोकांची भाषा येथे साधी ठेवून भागविलेली नाही. ती तत्त्वचिंतनाचा भार उचलण्याइतकी वाढविली आहे. म्हणजे भाषेची निवड वर्डस्वर्थला हवी तशी आहे आणि घडण कोलरिजने सांगितली तशी आहे. लोकभाषा आणि चिंतनाची भाषा यांत निवड करावीच लागते हे गृहीतक ज्ञानेश्वरीपुढे टिकत नाही, आणि कोलरिजचा आक्षेप समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण मराठी वर्गाला मिळणार नाही.

मात्र एवढ्यावरून ज्ञानेश्वरांना 'स्वच्छंदतावादी' म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. साम्य म्हणजे प्रभाव नव्हे, आणि साम्य म्हणजे अभेदही नव्हे. ज्ञानेश्वर बोलतात ते श्रीगुरूंच्या कृपेचा निर्वाळा देत. त्यांचा 'मी' नम्रतेने मागे सरतो. वर्डस्वर्थच्या दीर्घ आत्मपर काव्याचा, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रिल्यूड'चा, विषयच कवीच्या मनाची वाढ हा आहे. ज्ञानेश्वरांसमोर श्रोते बसलेले आहेत व ग्रंथात त्यांच्याशी संवाद चालतो; वर्डस्वर्थचा वाचक छापील पुस्तकापलीकडे, अनोळखी आहे. माणसाने माणसांशी बोलावे तसे कवीने बोलावे, ही त्याची आकांक्षा छापखान्याच्या युगातील एकटेपणातून आलेली आहे. नेवाशात ती परिस्थिती जन्मालाच आली नव्हती.

५

या ठिकाणी एका वेगळ्या धाग्याची नोंद केली पाहिजे. गीतेचा चार्ल्स विल्किन्सकृत इंग्रजी अनुवाद १७८५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) याने १८०९ मध्ये भरविलेल्या आपल्या चित्रप्रदर्शनात, विल्किन्स गीतेचे भाषांतर करीत आहे असा विषय असलेले एक चित्र मांडले होते. ते चित्र आज उपलब्ध नाही. प्रदर्शनाच्या सूचीतील त्याचे वर्णन तेवढे उरले आहे. ज्या ग्रंथाला नेवाशात लोकभाषेचा देह मिळाला, तो पाच शतकांनंतर आरंभीच्या एका स्वच्छंदतावादी कवीच्या दृष्टीसमोर भाषांतराच्याच प्रसंगातून आला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ब्लेक हा व्यवसायाने खोदकाम करणारा कारागीर होता. आपल्या कविता तो स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर कोरून, छापून, रंगवीत असे. 'निष्पापतेची गीते' (१७८९) आणि 'अनुभवाची गीते' (१७९४) यांत धुराडी साफ करणारी लहान मुले स्वतः बोलतात. वर्डस्वर्थच्या कवितेत गरीब माणसाविषयी बहुधा दुसरा कोणी सांगतो. हा भेद मराठी वाचकाच्या चटकन ध्यानी यावा. कारण चोखामेळ्याचे अभंग त्याच्या परिचयाचे आहेत. तेथे उपेक्षित माणसाविषयी कोणी सहानुभूतीने बोलत नाही. तो स्वतःच बोलतो, विठ्ठलाला जाब विचारतो.

६

मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी कवीला इंग्रजी कवितेतून नवे काय मिळाले? लोकभाषा मिळाली नाही; ती होतीच. उपेक्षितांविषयीची आस्थाही सर्वस्वी नवी नव्हती. नवी होती ती कवीच्या स्वतंत्र, लौकिक 'मी'ची प्रतिष्ठा. देव, गुरू किंवा राजा यांच्या आधाराशिवाय, केवळ स्वतःच्या अनुभवाच्या बळावर बोलण्याचा हक्क नवा होता. केशवसुतांनी (१८६६–१९०५) आपल्या कवितेत 'कवी कोण' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला तो या हक्कासाठी. त्यांनी इंग्रजी कवितांची रूपांतरे केली, 'मयूरासन आणि ताजमहाल' (१८९२) या रचनेने चौदा ओळींचा आकृतिबंध मराठीत आणला. त्यांच्या अंत्यज मुलावरील आणि उपाशी मजुरावरील कविता वर्डस्वर्थच्या आस्थेशी नाते सांगतात. पण त्यांतील प्रश्न जातीचा आहे, आणि तो इंग्रजीतून आलेला नाही. त्यांची कविता 'काव्यरत्नावली', 'करमणूक' यांसारख्या नियतकालिकांतून अनोळखी वाचकापर्यंत गेली. संग्रह निघाला तो मृत्यूनंतर, १९१७ मध्ये, हरि नारायण आपटे यांच्या प्रयत्नाने. वर्डस्वर्थची छापील एकाकी परिस्थिती मराठीत आली ती येथे.

नगरशी दीर्घ संबंध असलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) उदाहरण याहून बोलके आहे. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांची ओळख आहे आणि त्यांच्या निसर्गकवितेवर इंग्रजी संस्कार दाखविता येतो. पण १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांनी सांगितले, आणि आपल्या भक्तीसाठी अभंगाचा छंद निवडला. त्यांच्या नगरच्या घरी बालकवी (१८९०–१९१८) काही काळ राहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्या घराचे चित्र आहे. मराठीतील निसर्गकवितेचा एक महत्त्वाचा अध्याय अशा घरात घडला, की जेथे इंग्रजी कविता आणि संतवाणी एकाच छपराखाली नांदत होत्या. याला 'अनुकरण' म्हणावयाचे की 'संगम', हे ठरविताना दोन्ही प्रवाह ठाऊक असावे लागतात.

७

सारांश, आरंभीच्या स्वच्छंदतावादी कवींचे महत्त्व त्यांच्या वैशिष्ट्यांच्या यादीत नाही. कवितेत कोणाला स्थान आहे, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या अधिकाराने, या तीन प्रश्नांत ते आहे. यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांना मराठीने आपली उत्तरे फार पूर्वी दिली होती. तिसऱ्याचे उत्तर शोधताना तिला इंग्रजी कवितेची मदत झाली. केशवसुतांना 'मराठीचे वर्डस्वर्थ' म्हटले की हा भेद पुसला जातो आणि आपली कविता सर्वस्वी उसनी होती असा समज विद्यार्थ्याच्या मनात घर करतो. उलट, सारे काही आपल्याकडे आधीच होते, असे म्हटले की केशवसुतांचे धाडसच नाकारले जाते. दोन्ही विधाने सोयीची आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत.

नेवासे परिसरातील विद्यार्थी लहानपणापासून पारायणातून ओव्या ऐकतो आणि पुढे महाविद्यालयात 'लिरिकल बॅलड्स'विषयी टिपणे उतरवून घेतो. ही दोन श्रवणे त्याच्या मनात एकमेकांना अनोळखी राहतात. त्यांची गाठ घालून देणे हे अध्यापकाचे काम आहे. वर्डस्वर्थची प्रस्तावना आणि सहाव्या अध्यायाचा आरंभ एकाच तासाला शेजारी ठेवून वाचून पाहावे. इंग्रजी कवीचा प्रश्न अधिक नेमका कळेल आणि आपल्या कवीचे उत्तरही पुन्हा नव्याने ऐकू येईल.