इंग्रजी किती आले, हे मोजावे कसे?

महाराष्ट्र सरकारने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. त्या निर्णयावर वाद पुष्कळ झाला. परंतु मुलांना पूर्वीपेक्षा इंग्रजी अधिक येऊ लागले काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर वार्षिक परीक्षेच्या गुणांवरून मिळावयाचे नाही. प्रश्नपत्रिका दरसाल निराळी, तपासणारे निराळे, आणि पेपर सोपा निघाला की सारा गाव खूष! गजच दरवर्षी बदलू लागला, तर कापड वाढले की गज आखूड झाला, हे सांगावे कोणी?

एकच गज वर्षानुवर्षे लावून पाहण्याचा मोठा प्रयत्न आपल्या देशात झालेला आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ साली ग्रामीण भागात ‘असर’ ही पाहणी सुरू झाली. (असर म्हणजे परिणाम, नाव मोठे समर्पक आहे.) तीत इंग्रजीची चाचणी दरवर्षी नव्हे, पण अधूनमधून घेतली गेली. मुलांना तपासावयाचे ते त्यांच्या घरी. त्यामुळे शाळेत गैरहजर असलेले किंवा शाळा सोडलेले मूलही सुटत नाही. एकेका मुलापुढे एक कागद ठेवतात. त्यावर इंग्रजीची मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द आणि शेवटी चारपाच शब्दांची वाक्ये. मूल जेथवर वाचू शकते, ती त्याची पायरी. मग वाचले त्याचा अर्थ त्याच्याच भाषेत विचारतात.

आता आकडे पाहू. साऱ्या देशातील ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी अशी वाक्ये वाचू शकणारी मुले २००९ मध्ये सुमारे पाव होती, २०१६ मध्ये तेवढीच आणि २०२२ मध्येही तेवढीच. आठवीत मात्र २००९ साली शेकडा ६० मुले वाचत होती. २०१६ साली ती ४५ वर आली आणि २०२२ मध्ये जेमतेम ४७ झाली.

ही घसरण मास्तरांच्या माथी मारणे सोपे आहे, आणि तसे करणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः २००९ ची आठवी आणि २०१६ ची आठवी यांतील मुले तर निराळी आहेतच, पण ती आठवीत आली तीही निराळ्या वाटांनी. २००९ चा शिक्षणहक्क कायदा २०१० पासून अमलात आला आणि आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले. (२०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना ती मुभा पुन्हा मिळाली.) पूर्वी कच्ची मुले मध्येच अडत, काही शाळाच सोडून देत, पुढे ती आठवीपर्यंत पोहोचू लागली. शिकवणे तसूभरही न बिघडता वर्गाची सरासरी अशा रीतीने खाली येऊ शकते. म्हणून मोजणी इयत्तेवर न करता वयावर करावी, शाळेतील आणि शाळेबाहेरील तेरा वर्षांची सारी मुले एकत्र धरावीत, हे मला अधिक न्याय्य वाटते. चाचणी घरी होत असल्याने तसे करता येते.

राहिला अर्थाचा प्रश्न. २०१६ मध्ये पाचवीतील जी मुले वाक्ये वाचू शकली, त्यांपैकी शेकडा ६२ मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरांच्या वर्गात खडखडीत वाचणारी पंचवीस आणि समजून वाचणारी जेमतेम पंधरा. ज्या आईबापांना स्वतःला इंग्रजी येत नाही, त्यांना ऐकताना ही पंचवीसही मुले सारखीच हुशार वाटतात. “त्यात सांगितलंय काय, ते मराठीत सांग,” एवढे त्यांनी विचारले, तर त्या पंचवीसांतील दहा मुले गप्प राहतील.